भरल्याशिवाय न सुटणारी बस

एलेउतेरियो पालमारेसला सगळे तेर्यो म्हणत. इलोइलो शहरात त्याने सव्वीस वर्षं जीपनी चालवली. जीपनीत मागून चढायचं आणि दोन लांब बाकांवर समोरासमोर बसायचं. एका बाकावर दहा माणसं मावतात असं पाहणाऱ्याला वाटतं. तेर्यो बारा बसवायचा. त्याला जोर लागत नाही. पहिल्याने खांदा पुढे घ्यायचा, दुसऱ्याने मागे, तिसऱ्याने परत पुढे. असं बसवत गेलं की बारा बसतात आणि कुणाची तक्रार येत नाही.

मग त्याच्या बायकोला, एदिताला, ब्रुनेईत दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली. तेर्योने जीपनी विकली आणि तेरा वर्षांच्या मुलीला, मायलीनला, घेऊन तिघं विमानात बसली. घर मिळालं ते शहराबाहेरच्या गावात, बसच्या शेवटच्या थांब्यापासून चारशे दहा पावलांवर. त्या गावात दर घरापुढे दोन-दोन, तीन-तीन गाड्या उभ्या. बसने जायचे ते बांधकामावरचे मजूर, घरकामाच्या बायका आणि आता हे तिघं.

पहिल्या दिवशी उतरायची वेळ आली तेव्हा तेर्योने खिशातून नाणं काढलं आणि बसच्या छतावर दोनदा ठोकलं. इलोइलोत असंच करतात. ठोकलं की गाडी थांबते. इथेही थांबली. पण ड्रायव्हर खाली उतरला, चारही चाकांना लाथा मारून आला, बॉनेट उघडून आत वाकला आणि परत येऊन बसला. त्याला वाटलं, काहीतरी तुटलं.

"तातय, बटण आहे," मायलीन बापाला दात आवळून म्हणाली. "सगळ्यांना दिसतंय, बटण आहे."

"मग छत कशाला ठेवलंय?" तेर्यो म्हणाला.

एदिताची नोकरी तीन महिन्यांच्या अटीवर होती. दवाखाना डॉक्टर गोह नावाच्या बाईंचा. त्या चिडत नसत, ओरडत नसत, फक्त दारातल्या घड्याळाखाली एक वही ठेवत. आठला हजर. तीन महिन्यांत तीनदा उशीर झाला तर नोकरी पक्की होणार नाही. नोकरी नाही तर तिघांचाही मुक्काम नाही. पाचव्या आठवड्यात बसचं चाक पंक्चर झालं आणि वहीत पहिली खूण पडली. त्यात कुणाची चूक नव्हती. पण खुणेला ते कळत नाही. एदिता त्या दिवसापासून सात वाजताच थांब्यावर जाऊन उभी राहू लागली.

आणि तिथे बस उभी असायची. इंजिन बंद. ड्रायव्हर लाकिम, तिथल्या दुसून जमातीचा साठीचा माणूस, समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून चहा प्यायचा. एक कप प्यायला त्याला जेवढा वेळ लागे तेवढ्यात तेर्योने टायर बदलला असता. एदिता घड्याळ बघायची आणि तेर्यो एदिताकडे बघायचा.

दहाव्या आठवड्यात त्याने छडा लावला.

"बस रिकामी आहे," तो म्हणाला.

"ते आम्हाला दिसतंय," एदिता म्हणाली.

"तुला दिसतंय, पण कळत नाही. माणसं कुठे आहेत? तीन आपण, एक तो गवंडी. चार माणसांवर कुठला ड्रायव्हर गाडी हलवेल? मी हलवली असती का? तो भरायची वाट बघतोय. बिचारा बोलत नाही, माणूस सभ्य आहे."

इलोइलोच्या थांब्यावर जीपनी भरायला वेगळा माणूस असतो. तो हाका मारतो, हात धरतो, पिशव्या आत ढकलतो. जीपनी भरली की ड्रायव्हर त्याच्या हातात काहीतरी ठेवतो आणि निघतो. भरल्याशिवाय गाडी निघत नाही, हे तेर्योला हवापाण्याइतकं माहीत होतं. इथे तसा हाकाऱ्या नव्हता. मग काम कुणी करायचं?

त्याने मायलीनला विचारून मलयचे दोन शब्द पाठ केले. सातू लागी. अजून एक.

दुसऱ्या दिवशी सात वाजून पाच मिनिटांनी तो दुकानासमोर उभा राहिला. छाती भरून घेतली आणि आवाज सोडला. "सातू लागी! सातू लागी! सातू लागी!"

त्या गावात गाडीचा हॉर्नसुद्धा कुणी वाजवत नाही. पुढची गाडी हिरव्या दिव्याला झोपली तरी मागचा तिच्या जागं होण्याची वाट बघतो. अशा ठिकाणी तो आवाज गेला तेव्हा दुकानातला माणूस बाहेर आला, वरच्या घरांच्या दोन खिडक्या उघडल्या आणि एक मांजर नाल्यात उतरली. मायलीन बसमध्ये शेवटच्या सीटवर गेली आणि दप्तर तोंडासमोर धरून बसली.

हाजी मेतुसिन दुकानातून न्याहारी घेऊन निघाले होते. हातात तपकिरी कागदातला नासी कातोक, म्हणजे भात, तळलेली कोंबडी आणि तिखट. दुसऱ्या हातात स्वतःच्या गाडीची किल्ली. तेर्यो त्यांच्यापुढे आला, हसला, एक हात पाठीमागे धरून दुसऱ्याने बसचं दार दाखवलं. "सातू लागी, जी! या, या, जागा आहे!"

हाजी मेतुसिननी किल्लीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. एवढ्या प्रेमाने बोलावणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ते चढले.

मग हाजा कामसिया. त्या कुंपणाला पाणी घालत होत्या. त्यांनी नळ बंद केला, ओढणी नीट केली, पिशवी आणली आणि चढल्या. घरकाम करणारी वार्तीनी आपल्या वेळेच्या अर्धा तास आधीच निघाली. सकाळी चालायला निघालेले एक गृहस्थ बुटांसकट आत आले. तेर्योने सगळ्यांना बसवलं, पिशव्या सीटखाली सरकवल्या, गवंड्याची बादली दोन पायांमध्ये उभी केली. अकरा माणसं झाली. लाकिमने कप खाली ठेवला, बसमध्ये आला आणि इंजिन सुरू केलं.

"बघितलंस?" तेर्यो एदिताला म्हणाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "पंधरा मिनिटांचं काम. कुणीतरी करायला हवं होतं."

त्या दिवशी एदिता आठला पाच कमी असताना पोचली. आधी ती पावणेआठला पोचायची. पण तेर्योने हिशेब केला तो निघण्याचा, पोचण्याचा नाही. बस निघाली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. वाटेत अकरापैकी आठ माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी बटण दाबलं. कुणी पहिल्याच थांब्यावर, कुणी पुढच्या. हाजा कामसियांना उतरायला पाऊण मिनिट लागलं, कारण त्या आधी डावा पाय काढत, मग पिशवी, मग विचार, मग उजवा पाय.

असं तीन आठवडे चाललं. काम म्हटलं की तेर्यो ते नीट करणारा. त्याने पहिली हाक सात पाचवरून पावणेसातवर आणली. कोण कधी दार उघडतं, कोण कुठल्या वळणावर दिसतं, हे त्याला पाठ झालं. अकराची चौदा झाली, चौदाची सतरा. घसा बसला तेव्हा त्याने आल्याचं पाणी प्यायलं आणि पुन्हा उभा राहिला. एक दिवस मायलीन म्हणाली, "तातय, बस रोज सात वीसलाच सुटते."

"सुटणारच. मी रोज सात वीसपर्यंत भरतो."

"आणि परवा तर तू सात दहालाच भरली होतीस."

"तेव्हा त्याचा चहा उरला होता. माणसाला चहा तरी पिऊ द्या!"

मायलीनने दप्तर उचललं. तेरा वर्षांच्या मुलीने सव्वीस वर्षांच्या अनुभवापुढे काय बोलायचं?

तेराव्या आठवड्यात मंगळवारी, अटीचे चार दिवस उरलेले असताना, एदिता आठ वाजून तीन मिनिटांनी पोचली. वहीत दुसरी खूण पडली.

संध्याकाळी ती बूट न काढता खुर्चीवर बसली. "अजून एक खूण पडली, तेर्यो, की सामान बांधायचं."

"माझी चूक झाली," तेर्यो म्हणाला.

तिने मान वर केली. तिला वाटलं, आता तो शहाणपणाचं काही बोलेल.

"सतरा पुरत नाहीत. सीटा वीस आहेत. उद्या सहाला सुरू करतो."

एदिताने बूट काढले. दिवसभर ती लोकांच्या उघड्या तोंडात दिवा धरून उभी होती. तिच्यात भांडायची ताकद उरली नव्हती.

बुधवारी तेर्योने जन्मात केलं नव्हतं तेवढं काम केलं. वरच्या रस्त्यापर्यंत तीनदा चढून गेला. हाजा कामसियांच्या दारी गेला, तर त्या पायरीवर तयार बसलेल्या. त्यांची शेजारीण नको म्हणत होती, तिची कणगरांची, म्हणजे कंदांची, टोपली त्यानेच डोक्यावर घेतली, मग तिला टोपलीमागे यावंच लागलं. सात अठराला बसमध्ये वीस सीटांवर वीस माणसं होती आणि तेर्यो स्वतः दांडीला धरून उभा होता. सात वीसला बस सुटली.

पहिल्या थांब्यावर हाजी मेतुसिननी बटण दाबलं. ते उतरू लागले तर त्यांच्या वाटेत टोपली. टोपली उचलली तर कणगरं घरंगळली. चार माणसं वाकली. बस उभीच. दुसऱ्या थांब्याचं बटण कुणीतरी आत्ताच दाबून ठेवलं.

मायलीन शेवटच्या सीटवरून उठली. तिने नानयसाठी, म्हणजे आईसाठी, फोनवर वेळ मोजली होती. "तातय, एका थांब्याला दीड मिनिट. अठरा जण उतरणार. नानय सव्वाआठला पोचेल."

"मग लवकर सुटायला हवं होतं," तेर्यो म्हणाला. तो लाकिमकडे वळला. आजवर त्याने लाकिमशी हसण्यापलीकडे काही केलं नव्हतं. "मायलीन, याला विचार. किती माणसं झाली की हा निघेल? पंचवीस म्हणाला तर पंचवीस आणतो. पण एकदा आकडा सांग म्हणावं."

मायलीनने विचारलं. शाळेत तिने मलय पटापट उचलली होती. लाकिमने आरशातून तेर्योकडे पाहिलं आणि बोलला. हळू बोलला, एखाद्याला वाईट वाटू नये तसं.

मायलीनने तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, बस सात वीसला सुटते. वीस असले तरी आणि एकही नसला तरी. कंपनी महिन्याचा पगार देते. माणसांशी त्याचा संबंध नाही."

तेर्यो दांडीला धरून उभा राहिला. "एकही नसला तरी?"

"एकही नसला तरी."

"रिकामी बस नेतो? एवढं डिझेल जाळून?"

"हो."

"मग तीन आठवडे हा मला बोलला का नाही?"

मायलीनने विचारलं. लाकिमने खांदे उडवले. "तुम्ही इतके मन लावून करत होता, आबांग. मला वाटलं, तुम्हाला माणसांची आवड आहे. आवडीत कुणी कशाला आडवं यावं?"

एदिता दाराजवळच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसली होती. ती घड्याळाकडे बघत होती. घड्याळात सात अठ्ठावीस झाले होते. वाटेत न थांबता दवाखाना तेवीस मिनिटांवर होता.

"मायलीन," तो म्हणाला. त्याचा घसा पुरता बसला होता. "सगळ्यांना सांग. मोठ्याने."

"मी? इथे? सगळ्यांसमोर?"

"माझ्याकडे दोनच शब्द आहेत, आणि ते आज कामाचे नाहीत."

मायलीनने आईकडे पाहिलं. मग दप्तर सीटवर ठेवलं, दोन सीटांच्या मधे उभी राहिली आणि ओरडली. आवाज बापाचाच होता, अगदी तसाच, पोटातून आलेला. समोरचे गृहस्थ दचकून मागे सरकले. तिने सगळं सांगितलं. आईची नोकरी, वही, दोन खुणा, आठ वाजता. आणि हेही की वडिलांना वाटत होतं, भरल्याशिवाय बस सुटत नाही. कृपा करून दवाखान्यापर्यंत कुणी बटण दाबू नये.

मग हाजा कामसियांनी तोंड उघडलं.

"म्हणजे तू आम्हाला बस सुटावी म्हणून बोलावत होतास?"

"हो, नीनी," मायलीनने बापाच्या वतीने सांगितलं. नीनी म्हणजे आजी.

"आणि मी तीन आठवडे रोज बहिणीकडे जाते आहे! कुठेतरी उतरायला हवं म्हणून! तिने परवापासून दार उघडणं बंद केलंय. म्हणते, तुला घरी काही त्रास आहे का?"

"तुम्हाला कुठे जायचं नव्हतं?" तेर्योने मायलीनकरवी विचारलं.

"मी झाडांना पाणी घालत होते, बाबा."

"मग चढलात कशाला?"

"तू जागा आहे म्हणालास!"

आता एकेक जण बोलू लागला. चालायला निघालेले गृहस्थ म्हणाले, ते डॉक्टरच्या सांगण्यावरून चालतात, आणि तीन आठवड्यांत त्यांचं चालणं झालेलं नाही, बसणं झालेलं आहे. हाजी मेतुसिन कणगरं गोळा करून परत सीटवर बसत होते. ते रोज पहिल्या थांब्यावर उतरून नासी कातोक हातात धरून उलटे पाऊण किलोमीटर चालत दुकानापर्यंत जात आणि तिथून स्वतःची गाडी काढत.

"तुमच्याकडे गाडी आहे?" एदिताने विचारलं.

"दोन आहेत," हाजी मेतुसिन ओशाळून म्हणाले.

"लाकिम," हाजा कामसिया म्हणाल्या, "दार लाव आणि हाक. बटणाला कुणी हात लावला तर मी बघते."

लाकिमने दार लावलं. आधी बटण दाबून ठेवणारा शेवटच्या सीटवरून म्हणाला, चुकून लागलं, धरू नका. त्या बसने तीन आठवड्यांत पहिल्यांदा दुसरा थांबा सोडला, मग तिसरा, मग चौथा. लाकिमची पाठ ताठ झाली होती. तो वेगाने नेत नव्हता, पण ब्रेकवरचा पाय पुरता काढला होता आणि वळण घेताना चाक आधीच फिरवत होता. तेर्योला ते दिसलं. हा माणूस हाकायला शिकलेला आहे, चहा पीत बसतो म्हणून काय झालं.

अडचण एकच होती. गवंडी मोजम्मेल. बांगलादेशचा पोरगेला माणूस, त्याचं काम वाटेतच, आणि तो खराच प्रवासी होता. त्याचा मुकादमही वेळेचा पक्का. मोजम्मेल बादली उचलून दाराशी येऊन उभा राहिला आणि एदिताकडे बघून पुन्हा खाली बघू लागला.

"याला काय करायचं?" मायलीन म्हणाली.

तेर्यो त्याच्या शेजारी गेला. त्याने लाकिमला हाताने दाखवलं: बस थांबवू नको, फक्त हळू कर. लाकिमने मान डोलावली. असलं त्याने कधी केलं नव्हतं. तेर्योने मोजम्मेलची बादली घेतली, त्याला दारात उभं केलं आणि डावा पाय पुढे काढून दाखवला. चालती गाडी सोडताना गाडीच्या दिशेनेच धावायचं, हे सांगायला भाषा लागत नाही. बांधकामाच्या पत्र्यांपाशी बस माणसाच्या चालीवर आली. मोजम्मेल उतरला, चार पावलं धावला, वळला. तेर्योने बादली बाहेर धरली, त्याने ती पकडली. बादलीतली थापी आतच वाजली, बाहेर पडली नाही. बस थांबलीच नव्हती.

"अल्ला," हाजा कामसिया म्हणाल्या आणि हसू लागल्या. "मलाही असंच उतरव!"

"तुम्हाला नाही, नीनी. तुम्ही मधे विचार करता."

बस दवाखान्यासमोर थांबली तेव्हा सात चोपन्न झाले होते. एदिता दार पुरतं उघडायच्या आत बाहेर होती. तिच्यामागे मायलीन, शाळा पलीकडच्या गल्लीत म्हणून. एदिता रस्ता ओलांडून गेली आणि काचेच्या दारातून आत दिसेनाशी झाली.

मग लाकिमने मागे वळून पाहिलं. इथून बस मोठ्या थांब्यावर जाणार आणि पाऊण तासाने परत फिरणार. तोपर्यंत या अठरा माणसांनी काय करायचं? ती उतरली. टोपली, पिशव्या, फावडं, एक छत्री, नासी कातोकचे दोन पुडे. कुणी त्यांना इथे आणलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. उन्हात उभं राहायला नको म्हणून ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर, सावलीत बसली. तेर्योने टोपली खांद्यावरून उतरवली आणि शेवटच्या पायरीवर बसला. सहा वाजल्यापासून तो पहिल्यांदा बसत होता.

आठ वाजले. डॉक्टर गोह स्वतः दार उघडायला आल्या आणि पायऱ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. तीन वर्षांत त्यांच्या दारात सकाळी दोनपेक्षा जास्त माणसं कधी नव्हती.

"हे सगळे माझ्याकडे आलेत?"

कुणालाच नाही म्हणवेना. हाजी मेतुसिन टोपलीमागे सरकू लागले.

"जी," डॉक्टर गोह म्हणाल्या, "ती दाढ काढायला मी तुम्हाला दोन वर्षं बोलावते आहे."

"आज मी सहज आलो होतो," हाजी मेतुसिन म्हणाले.

"आत या."

ते आत गेले. एवढ्या प्रेमाने बोलावणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? त्यांनी जाताना आपला पुडा तेर्योच्या हातात दिला, आता तो आपल्याला चावता येणार नाही हे ओळखून. तेर्योने तो पायरीवर उघडला आणि भाताचे हाताने वाटे केले. कोंबडीचा तुकडा एकच होता, तो हाजा कामसियांना गेला.

सव्वाआठच्या सुमाराला एदिता बाहेर आली. हातमोजे तसेच होते.

"वही?" तेर्योने विचारलं.

"सात पंचावन्न. बाईंनी स्वतः लिहिलं." ती एका पायरीवर थांबली. "आणि म्हणाल्या, इतके रोगी आणणारी मुलगी जायला नको. पत्र आजच देतील. तीन दिवस कशाला थांबायचं, म्हणाल्या."

"मग झालं."

"झालं नाही. त्यांना वाटतंय, मी आणले. उद्या सकाळी परत एवढेच येतील, असं धरून त्या खुर्च्या मागवतायत." तिने पायऱ्यांवरच्या माणसांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "मी काय सांगू त्यांना?"

तेर्योने बोटं चाटली, कागदाची घडी केली. हाजा कामसिया बाजूला कान देऊन बसल्या होत्या. भाषा कळत नसली तरी त्यांना विषय कळला होता. त्यांनी तोंड उघडून उजवीकडच्या वरच्या दाताला बोट लावलं.

"हा हलतो," त्या मलयमध्ये म्हणाल्या. "पण मी सात वीसलाच येईन. आणि हाक मार, नाहीतर घरातून निघायला मला सुचत नाही."